पळून गेलेल्या देवीच्या दारात

मी खाली सही करणार परमेश्वर गहिनीनाथ देवकते, वय वर्षे ५४, धंदा कॉम्प्युटर टायपिंग व झेरॉक्स, राहणार चौसाळा, तालुका व जिल्हा बीड, हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला कोणी धाक घातलेला नाही आणि फूसही लावलेली नाही. तसे करायला घरात कोणी नाहीच. दीड वर्षापासून माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत व आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस चालू आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे. मृत्युपत्राला तेवढे पुरते, असे वकील साहेब म्हणाले.

त्यांनी मला एका पानाचा मसुदा करून दिला होता. असले मसुदे मी दुकानात बसून आयुष्यभर लोकांना टाइप करून दिले आहेत. नाव बदलायचे, गाव बदलायचे, बाकी तेच. माझ्या वेळेला मात्र त्यात माझे काही बसेना. म्हणून हा मजकूर मी स्वतः रचला आहे. लांबला आहे याची जाणीव आहे. वाचणाऱ्याने सावकाश वाचावा.

कलम १. माझे लग्न झालेले नाही. सोयरीक घेऊन चार घरी जाणारे माणूस लागते, ते आमच्या घरात नव्हते. आई छबुबाई १९७८ साली वारली, वडील गहिनीनाथ २००९ साली. थोरले बंधू रामेश्वर चौसाळ्याच्या पलीकडे आमच्या वाडीवर राहतात. एके काळी मेंढरे राखायचे, आता पुढारी आहेत. लग्नपत्रिकांत त्यांचे नाव जाड अक्षरात छापतात. त्यांना दोन मुले आहेत. कायद्याने माझे जवळचे तेवढेच.

कलम २. वाडीवरील वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा रामेश्वरदादांना द्यावा. ती जमीन त्यांनीच कसली आहे. मी त्या बांधावर उभा राहिलो तरी वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा दिसतो. या कलमाबद्दल कोणाची तक्रार असणार नाही.

कलम ३. चौसाळ्यातील माझे स्वकष्टाचे घर, दोन खोल्या, पुढे पत्र्याचा ओसरा व मागे न्हाणी, हे मी श्रीमती अंजना अभिमन्यू फड, राहणार परळी वैजनाथ, यांना पूर्ण मालकीने देतो. चतुःसीमा अशी: पूर्वेस हमरस्त्याकडे जाणारा बोळ, पश्चिमेस तानाजी नाईकवाडे यांचे घर व त्यांचा भांडखोर कोंबडा, दक्षिणेस सार्वजनिक नाली, उत्तरेस मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेवर दादांच्या धाकट्या मुलाचा डोळा आहे. ती त्याची नाही व माझीही नाही, हे त्याला एकदा तरी कागदावर वाचायला मिळावे.

अंजनाबाई माझ्या नात्यातल्या नाहीत, जातीतल्या नाहीत. चौसाळ्यात त्यांना कोणी पाहिलेले नाही. मी गेल्यावर लोक विचारतील, ही बाई कोण? दादांचे वकील तोच प्रश्न कोर्टात विचारतील, आणि ज्या आवाजात विचारतील तो मला आताच ऐकू येतो. मसुद्यात 'लाभार्थीशी नाते' असा रकाना होता. मी 'सोबत' असे लिहिले. वकील साहेब म्हणाले, हे नाते नव्हे. मी म्हणालो, मग रकाना कोरा सोडा, उत्तर मी पुढच्या कलमात देतो.

कलम ४. कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ आहे. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. आम्ही दोघे त्याला 'सातदेव' म्हणतो. देशोदेशीची माणसे एकाच वेळी त्यात शिरतात. प्रत्येकाचा एक गडी असतो, तो आपण चालवायचा. डोंगर आहेत, पडकी शहरे आहेत, राक्षस आहेत. गोष्ट अशी की सात देवांनी मिळून एक जग केले, आणि सातातला एकही त्या जगाला पुरा पडला नाही.

ऑर्व्हान नावाच्या थोरल्या देवाने जग घडवले. घडवून झाल्यावर त्याला त्यात एक चूक दिसली. ती दुरुस्त होईना, तेव्हा तो जगाकडे पाठ करून बसला, तो अजून बसलेला आहे. केस्ट्रन हा न्यायाचा देव. त्याने एकदाच लाच घेतली, मग पस्तावून ज्या हाताने घेतली तो हात तोडला; आता त्याला तराजू धरता येत नाही. इलदा ही पावसाची देवी, जिथे तिची स्तुती होते तिथेच पडते. असे एकेक. हे सगळे कोणी सरळ सांगत नाही. पडक्या देवळांतून शिलालेख सापडतात, जुन्या पुजाऱ्यांची तुटक वाक्ये सापडतात, तीही एकमेकांविरुद्ध. आपण जुळवायचे.

दुकानासाठी मी बीडहून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यात हा खेळ आधीपासून होता. लोकांच्या हातात मोबाईल आले तसे दुपारी दुकानात कोणी येईनासे झाले. मी शिलालेख वाचत बसू लागलो. इंग्रजी माझे अर्ज लिहिण्यापुरते, बाकी शब्दकोश. जेवलास का, असे विचारणारे जगात कोणी नसले की माणूस कुठल्याही देवाचे चरित्र वाचतो.

त्यातली सहावी देवी नेमरा. ही आरोग्याची देवी. लाखो माणसे हिने बरी केली. मग एका शहरात असा रोग आला की हिचा गुण येईना. पहिली माणसे मेली त्या सकाळी ही देऊळ सोडून पळून गेली. शहर ओस पडले. आता ती डोंगरापलीकडे एका झोपडीत म्हातारीचे सोंग घेऊन शेळ्या राखते. तिला शोधून काढणाऱ्याला दोन वाटा आहेत. तिला मारले तर फार मोठी तलवार मिळते. न मारता तिच्याशेजारी बसता येते. बसून काहीच मिळत नाही. मारली तरी थोड्या वेळाने ती पुन्हा तिथेच बसलेली असते. बहुतेक सगळे तलवार घेतात. इंटरनेटवर लोकांनी हिला ज्या शिव्या घातल्या आहेत त्या मी वाचल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतःच्या आयुष्यात कोणी सोडून गेलेले असावे, असे त्या शिव्यांवरून वाटते.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी मी त्या झोपडीच्या दारात बसलो होतो. एक दांडगा गडी आला, नाव 'कोळसा'. माझ्या गड्याचे नाव 'मेंढका'. मी दारात असल्यामुळे त्याला आत जाता येईना. त्याने दोनदा मला ढकलून पाहिले. मी हललो नाही. मग इंग्रजी अक्षरांत शब्द उमटले, "बाजूला हो बे."

मी कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिलो. मग लिहिले, "कुठला हाय बे तू?"

"परळी. तू?"

"चौसाळा."

"मग गाववाला म्हणून तरी हो की बाजूला."

मी झालो. कोळशाने नेमराला मारले, तलवारीकडे ढुंकूनही न पाहता निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि परत मारले. असे रोज चालले. तलवार घ्यायची नसताना हा देवीला का मारतो, याचे मला कोडे पडले.

काही महिन्यांनी आम्ही बोलायची सोय चालू केली. समोरून बाईचा आवाज आला. मी दचकलो.

"तुमी बाई हाय?"

"मग काय रेडा वाटले का?"

कलम ५. अंजनाबाई परळीत खानावळ चालवतात. दुपारची गर्दी सरली, भांडी पडली, की त्या कॉम्प्युटरपुढे बसत. कोळसा हा गडी मुळात त्यांच्या यजमानांचा. अभिमन्यू फड परळीच्या वीज केंद्रातल्या राखेचा टिप्पर चालवत आणि सुटीच्या दिवशी हा खेळ खेळत. ते २०१७ साली वारले. पुढे एकदा बाईंनी, आपला माणूस यात एवढा काय रमायचा, हे बघायला खेळ उघडला. कोळसा नेमराच्या झोपडीबाहेर उभा होता, यजमानांनी सोडला तसाच. बाईंना त्याला चालवताही येईना. शिकल्या.

इंग्रजी अक्षरे त्यांना लागतात, भाषा येत नाही. त्या म्हणाल्या, "तुमी वाचून दावा, मी तवर राक्षसं बघते." तेव्हापासून मी शिलालेख मराठीत करून सांगायचो आणि त्या माझ्या गड्याची राखण करायच्या. इलदाची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "ही तर आमच्या नगरसेवकाची बहीण. जिथं मतं पडली तिथंच पाणी." ऑर्व्हानबद्दल म्हणाल्या, "चूक दिसली तर पाठ कावून करायची? भाजी खारट झाली तर मी काय पातेल्याकडं पाठ करून बसते का? बटाटा टाकते." मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. तानाजीने शेजारच्या चहाच्या टपरीवरून विचारले, "परमेश्वर, कोण आलंय?" मी म्हणालो, कोणी नाही. ते खरेही होते.

दोन वर्षे अशा दुपारी गेल्या. आम्ही एकमेकांचे फोटो मागितले नाहीत. त्या मला 'मेंढका' म्हणत, पुढे 'परमेश्वरराव'. मी त्यांना आधी 'कोळसा', मग 'अंजनाबाई'. यापलीकडे आमच्यात काही नव्हते. ज्यांना यापलीकडचे काही शोधायचे असेल त्यांनी खुशाल शोधावे.

कलम ६. एक दिवस मी विचारले, "तलवार घ्यायची न्हाई, तर तिला मारता कावून?"

मग त्यांनी सांगितले. अभिमन्यूचा टिप्पर पालथा झाला. लोकांनी त्याला रस्त्यालगतच्या एका खासगी दवाखान्यात नेले. दवाखान्याचे नाव मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. डॉक्टरने रक्त पाहिले, सोबतचा जमाव पाहिला. "आत घ्या, आलोच," म्हणाला. मागच्या दाराने निघून गेला. अंजनाबाई पोचल्या तेव्हा यजमान बाकावर होते, शुद्धीत. नर्स सारखी म्हणत होती, येतील आत्ता. अभिमन्यू म्हणाला, "आलेत का गं डॉक्टर?" त्या म्हणाल्या, "आले, हात धुऊन ऱ्हायलेत." हे त्यांचे शेवटचे बोलणे.

"खोटं बोलले मी त्याच्यासाठी," अंजनाबाई म्हणाल्या. "जाताना त्या पळपुट्याची लाज राखली. म्हणून मारते तिला. तुमाला न्हाई कळायचं."

मला कळले होते. म्हणून मी माझे सांगितले. तेच इथे लिहितो, कारण रामेश्वरदादांना घर का मिळत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे.

कलम ७. १९७८ साली आम्ही मेंढरे घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठी, गेलो होतो. मी सात वर्षांचा, दादा बारा. माय तापाने आडवी झाली. कळपातही रोग शिरला होता, रोज दोन-चार मेंढरे पडत. पुढच्या मोठ्या गावात जनावरांचा डॉक्टर आलाय, असे कळले. आबांनी, म्हणजे वडिलांनी, मायला एका शाळेच्या ओट्यावर निजवले, तिच्या उशाला मला बसवले, म्हणाले, संध्याकाळी येतो. दादाला आणि मेंढरांना घेऊन गेले. आले ते तिसऱ्या दिवशी. तोवर गावकऱ्यांनी मायला अग्नी दिला होता आणि मला एका घरी दूधभाकर खाऊ घालून झोपवले होते.

तोपर्यंत आबा आमचे देव होते. लांडगा आला तर एकट्याने काठी घेऊन अंधारात शिरणारा माणूस. दादाने त्या दिवसापासून त्यांच्याशी शब्द बोलणे सोडले. कर्ता झाल्यावर त्याने आबांचे अंथरूण मेंढवाड्यापाशी छपरात टाकले. "भाकर मिळंल, उंबरा न्हाई," म्हणाला. आबा काठी उचलून तिकडे गेले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. भाकर मी नेऊन द्यायचो. पुढे चौसाळ्यात दुकान टाकले तरी संध्याकाळी सायकलवर वाडीला जाऊन द्यायचो.

मोठा झाल्यावर एकदा विचारले, "आबा, कावून आला न्हाईत?"

ते म्हणाले, "मेंढरं हे निमित्त व्हतं, पोरा. तिचे डोळे फिरलेले मी बघितलते. लांडग्याचं भ्या न्हाई वाटलं कधी. पर तिच्याजवळ बसायचं भ्या वाटलं."

"आन् मला बसवलंत?"

ते खाली बघून भाकर मोडत राहिले. मीही उठलो नाही. ते खात होते तोवर शेजारी बसून राहिलो. मी त्यांना माफ केले की नाही, हे आजही मला सांगता येत नाही. पण ताट न्यायचे चुकवले नाही. आबा गेले तेव्हा दादा लग्नसराईच्या गडबडीत आहे, असा निरोप आला. अग्नी मी दिला.

नेमराच्या शेजारी पुष्कळ वेळ बसून राहिले तर ती बोलते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. मला ते अपघाताने कळले. तिचे बोलणे मी असे मराठीत केले होते: "मी बरी करत होते तोवर मला देवी म्हणत होते. ज्याला बरे करता येत नाही त्याच्याजवळ कसे बसायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते."

हे मी अंजनाबाईंना वाचून दाखवले. आबांचेही सांगितले. माझी चूक एवढीच की शेवटी म्हणालो, "अंजनाबाई, एकदा बसून बघा."

त्या भडकल्या. "तुमचा बाप व्हता, तुमी बसा. माझा कोण लागतो तो डॉक्टर? तुमी भाकर नेली म्हणून मीबी नेऊ? लई शाने हाव तुमी. देवाचं नाव लावून फिरता म्हणून काय सगळ्यांची पापं तुमीच धुणार?"

आवाज बंद झाला. कोळसा त्या दिवसापासून दिसेनासा झाला.

कलम ८. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी रोज दुपारी झोपडीच्या दारात जाऊन बसे. तऱ्हेतऱ्हेचे गडी येत, देवीला मारून तलवार घेऊन जात. मी बाजूला होई. माझ्याशी कोणी बोलत नसे. एरवीही कोणी बोलत नव्हते; पण आधी ती शांतता ऐकू येत नव्हती, आता यायला लागली.

शेवटी मी परळीची बस धरली. खानावळ शोधायला वेळ लागला नाही. पत्र्यावर, झाडांवर राखेची साय बसलेली. आत मात्र लख्ख. रांगेत जेवायला बसलो. पन्नाशीच्या आत-बाहेरची, कमरेला पदर खोचलेली बाई वाढत होती. आवाज ऐकला आणि घास तोंडातच राहिला.

"भाकर घ्या की. लाजताव काय?"

मी मान हलवली. माझा आवाज त्यांना ओळखू आला असता, म्हणून बोललो नाही. त्यांनी न विचारता अर्धी भाकर आणि ठेचा वाढला. समोरच्या भिंतीवर अभिमन्यूचा फोटो होता. हसरा माणूस. त्याच्याकडे बघून मला वाटले, आपण इथे काय म्हणून आलो आहोत? पैसे ठेवले आणि निघालो. मागून त्या कोणाला तरी म्हणाल्या, "मुका दिसतोय बिचारा."

अंजनाबाई, तो मुका मी होतो. भाजीत मीठ बरोबर होते.

कलम ९. त्यानंतर माझ्या पायांवर सूज आली, मग बाकीचे कळले. डायलिसिसच्या पहिल्या दिवशी परिचारिका मंगलताईंनी विचारले, "सोबत कोण आहे?" मी म्हणालो, कोणी नाही. त्या म्हणाल्या, "तसं नाव टाकता येत न्हाई हो काका." मग तानाजीचे टाकले. रामेश्वरदादांना कळवले होते. त्यांनी फोनवर सांगितले की ओळखीच्या आमदारांना सांगून बघतो. आमदारांनी काय करायचे होते, ते मला कळले नाही. मला फक्त यंत्राशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कोणीतरी बसायला हवे होते. ती खुर्ची दीड वर्ष रिकामी आहे. मी तिच्यावर पिशवी ठेवतो.

दादांना घर न देण्याचे कारण हे नाही. नीट सांगतो. दादा, तू आबांवर रागावलास, तो तुझा हक्क होता. तूही बारा वर्षांचाच होतास, आणि आपण मायला सोडून मेंढरांमागे चाललोय, हे तुला वाटेत कळत होते. मी निदान तिच्याजवळ होतो. तुझ्या वाट्याला ती शाळा, तो ओटा आलाच नाही, आला तो नुसता राग. पण वीस वर्षे एका म्हाताऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या हातात मी माझा उंबरा देऊ शकत नाही. बस, एवढेच. आबांची घोंगडी माझ्या पेटीत आहे, ती तुला देतो. पांघरलीच पाहिजे, अशी अट नाही.

कलम १०. या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी कोळसा परत दिसला. झोपडीच्या दारात मी होतो. तो समोर येऊन थांबला. मी बाजूला झालो. तो आत गेला, पण वार केला नाही. आवाज चालू झाला.

"गेलते मी त्याच्याकडं," अंजनाबाई म्हणाल्या. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "त्या डॉक्टरकडं. आता दुसऱ्या गावाला लहानसा दवाखाना टाकलाय त्यानं. नंबर लावला. आत गेले. म्हणाला, काय होतंय? म्हनलं, अभिमन्यू फड. राखेचा टिप्पर. त्याच्या हातातला पेन थांबला."

"मग?"

"म्हणाला, नाव माहिती हाय मला. म्हणाला, त्या दिवशी लोकांनी मला मारून टाकलं असतं. म्हनलं, मारलंच असतं. पर तुमी त्याला नुसता हात लावला असता ना डॉक्टर, तर मी तुमच्या आडवी उभी ऱ्हायले असते. एकालाबी पुढं येऊ दिलं नसतं."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? डोळ्याला पाणी आलं त्याच्या. मला नको वाटलं ते पाणी. भाईर पेशंट खोकत व्हते. म्हनलं, त्यांला बघा. आन् आले निघून."

मी विचारले, "माफ केलं का?"

"न्हाई. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, आन् पुन्हा इचारू नका. पर आता हिला मारायला हात उचलंना."

मग कोळसा नेमराच्या शेजारी बसला. मी दुसऱ्या बाजूला बसलो. देवी बोलायला लागली. मी काही मराठीत करून सांगितले नाही. त्यांना ते आठवत होते. आमच्या दोघांच्या मध्ये ती म्हातारी आणि तिच्या शेळ्या. बाकी काही घडले नाही. माझ्या आयुष्यात ज्याला सोबत म्हणावे अशी ती दुपार होती, आणि तिच्यासाठी मी हे घर देत आहे. कोर्टाला हे कारण पुरेसे वाटले नाही, तर माझ्याकडे दुसरे नाही.

घराची अंजनाबाईंना गरज आहे म्हणून देत नाही. त्यांचे बरे चालले आहे. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेले नाही. त्यांनी ते विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर पाडून टाकावे. फक्त एकदा येऊन ओसऱ्यात बसून जावे.

कलम ११. बँकेतील शिल्लक माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा जाता बीडच्या त्या डायलिसिस विभागाला द्यावी व त्यातून खुर्च्यांना गाद्या कराव्यात. खुर्चीवर फार वेळ बसवत नाही, अशी सोबतच्या लोकांची तक्रार मी ऐकली आहे. दुकानातील झेरॉक्स यंत्र तानाजी नाईकवाडे यांना द्यावे. ते त्यांना चालवता येणार नाही, पण त्यांनी इतकी वर्षे फुकट चहा दिला त्याबद्दल निदान विकता येईल असे काही द्यावे म्हणतो. कॉम्प्युटर सुरू होण्यासारखा असेल तोवर मेंढक्याला कोणी हलवू नये.

कलम १२. अग्नी रामेश्वरदादांनी दिला तर द्यावा. ते वेळेवर आले नाहीत तर थांबू नये, तानाजीने द्यावा. देवाधर्माचे विधी थोडक्यात करावेत. देवांवर माझा राग नाही. त्यांच्याकडून मी जेवढे मागितले तेवढे त्यांच्याने झाले नसावे, इतकेच.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी तानाजी भिवाजी नाईकवाडे यांनी करावी. त्यांना वाचून दाखवले आहे. कलम आठपर्यंत त्यांनी तीनदा नाक शिंकरले आणि सर्दी झाल्याचे सांगितले.

आता शेवटचे. अंजनाबाई उन्हाळ्यापासून म्हणत आहेत, "एकदा परळीला जेवायला या की, आवाज तेवढा वळखीचा, माणूस न्हाई." मी टाळत आलो. मीठ चालत नाही, पाणी मापून प्यावे लागते, आणि आजाराचे त्यांना अजून बोललो नाही. आज नोंदणीसाठी बीडला आलो आहे. सही-शिक्के झाले की चौसाळ्याच्या गाडीत न बसता परळीच्या गाडीत बसणार आहे. तसा निरोप सकाळीच दिला आहे. त्या म्हणाल्या, "या. ताट वाढूनच ठेवते." आजाराचे मी त्यांना सांगणार आहे, पण जेवण झाल्यावर. ताटावरून माणसाने उठू नये.

हे मी वाचून, समजून, राजीखुशीने सही करून दिले.

ठिकाण: बीड
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

(सही)
परमेश्वर गहिनीनाथ देवकते

साक्षीदार: लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली व आम्ही त्याच्यासमोर केली.

१. (सही) डॉ. विजयसिंह माणिकराव सोळंके, बीड. लिहून देणारा पूर्ण शुद्धीत असल्याचे मी तपासून पाहिले आहे. आज प्रवास करू नये, असा सल्ला दिला होता. तो त्यांनी मानलेला नाही.

२. (सही) मंगल बाबुराव शिनगारे, परिचारिका, बीड. सही झाल्यावर मागाहून लिहिते: काकांना परळीच्या गाडीत मी बसवून दिले. खिडकीची जागा मिळाली.